चौकटी कंसातले ‘आज’

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझा एक गृहपाठ तपासून परत आला आणि त्यातल्या एका ओळीने मला अजून सोडलेले नाही. गेली अठरा वर्षे मी एडिंबरामध्ये राहते आणि त्यांतली शेवटची दोन वर्षे दर मंगळवारी संध्याकाळी जुने स्कॉट्स हस्ताक्षर वाचायला शिकते. आमच्या शिक्षिकेला मी मनातल्या मनात बाईच म्हणते. बाई दर आठवड्याला एखाद्या जुन्या कागदाची छायाप्रत देतात आणि ती आम्ही अक्षरन् अक्षर उतरवून आणायची असते. लिहिणाऱ्याने जे लिहिले तेच लिहायचे. शाई उडाल्यामुळे किंवा कागद झिजल्यामुळे जे गेले, पण संदर्भाने भरता येते, ते चौकटी कंसात घालायचे, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला कळते की हा शब्द कागदाचा नव्हे, उतरवणाऱ्याचा आहे. त्या आठवड्याचा कागद सोळाव्या शतकाच्या अखेरचा एक कर्जरोखा होता. कुणी एकाने दुसऱ्याकडून चाळीस मर्क, म्हणजे तिथले जुने चलन, घेतले होते आणि येणाऱ्या मार्टिनमसच्या सणाच्या आत ते फेडण्याचे कबूल केले होते. कबुलीची ओळ अशी होती: ‘बिट्विक्स अँड द फीस्ट ऑफ मार्टिमेस निक्स्ट टू कम’. शब्दाला शब्द ठेवला तर ‘मध्ये, आणि येत्या मार्टिनमसच्या सणाच्या’. कशाच्या मध्ये? एक टोक होते, दुसरे नव्हते. मला वाटले, कारकुनाच्या हातून शब्द सुटला. मी ‘बिट्विक्स’च्या पुढे चौकटी कंस उघडला, त्यात ‘आज’ या अर्थाचा शब्द लिहिला, कंस बंद केला आणि चारशे वर्षांपूर्वीच्या एका थकलेल्या माणसाला आपण हात दिला, अशा समाधानाने वही मिटली.

बाईंनी तो कंस पेन्सिलीने हलकेच खोडला होता. शेजारी समासात लिहिले होते: इथे काहीही गळलेले नाही.

घरी येताना बसमध्ये, लीथ वॉकवरचे दिवे ओल्या काचेवर पसरत असताना, ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. चूक झाल्याचे वाईट वाटले नव्हते. या हस्ताक्षरात चुका होतातच. त्यातला ‘ई’ पाठ फिरवून उभा असतो, ‘एच’ची शेपटी ओळीखाली लोंबून पुढच्या ओळीतल्या अक्षरांत गुंतते, ‘यू’, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ एकमेकांच्या जागी खुशाल बसतात, आणि रोमन अंकांतल्या सालाच्या सुरुवातीला हजारासाठी एक असा लफ्फा मारलेला असतो की तो आकडा आहे हेच पहिल्या खेपेला कळत नाही. एकेका ओळीला कधी अर्धा तास लागतो. पण ही ओळ मी बरोबर वाचली होती. गंजाच्या रंगाला आलेल्या शाईतले प्रत्येक अक्षर मला लागले होते. आणि ते नीट लागल्यावर, केवळ माझ्या कानाला वाक्य अपुरे वाटले म्हणून, पूर्ण असलेल्या वाक्यात मी माझा शब्द घुसवला होता. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाचे बोलणे शहरातल्या नातवाने मध्येच थांबवून ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय ना’ असे विचारावे, तसे काहीसे मी केले होते.

त्या रात्री जुन्या स्कॉट्स भाषेचा कोश उघडला. या कोशाची कहाणीच मोठी आहे. डंडीत जन्मलेल्या विल्यम क्रेगी यांनी १९१९ साली त्याची कल्पना मांडली, पहिला भाग १९३१ साली निघाला आणि बारावा, शेवटचा खंड २००२ साली. कामाला लागलेल्या कितीतरी माणसांनी शेवटचे अक्षर पाहिले नाही. १७०० सालापर्यंतची भाषा या कोशात आहे, आणि त्यापुढची दहा खंडांच्या दुसऱ्या एका कोशात, जो १९७६ साली पुरा झाला. २००४पासून दोन्ही एकत्र, संगणकावर कुणालाही मोफत पाहता येतात. तिथे ‘बिट्विक्स’ या शब्दाखाली माझी ओळ होती. म्हणजे तीच नव्हे, तिच्या बहिणी. ‘बिट्विक्स अँड’ म्हणजे आता आणि पुढे सांगितलेली वेळ यांच्या दरम्यान. ‘बिट्विक्स धिस अँड’ असे भरलेले रूपही कागदांत भेटते. पण त्यातला ‘हे’, म्हणजे ‘ही वेळ’, सांगणारा शब्द वापरता वापरता गळाला आणि त्याच्यावाचून कुणाचे काही अडले नाही. संसदेचे कायदे, नगरसभांचे ठराव, कर्जरोखे, भाडेपट्टे, सगळीकडे तो प्रयोग सहज वावरतो. एडिंबराच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाच्या आदेशांत तर तो अठराव्या शतकातही दिसतो: अमुक कागद ‘बिट्विक्स्ट अँड’ अमुक तारीख दाखल करावेत. सगळ्यांना समजत होते. मलाच समजले नव्हते.

आणि खरे तर मलाही समजायला हवे होते.

माझ्या वडिलांचे दापोलीत कापडाचे दुकान होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. गाद्या घातलेली बैठक, मागे कपाटात मांजरपाट, लुगडी, धोतरजोड्या, जूनमध्ये गणवेशाच्या खाकी कापडाचा गठ्ठा, आणि नव्या कापडाच्या खळीचा तो वास, जो पावसाळ्यात ओलसर होऊन जड व्हायचा. दुकान उधारीवर चालायचे. घरटी एक माणूस मुंबईत गिरणीत नाहीतर गोदीत, त्यामुळे पैसा एकतर मनिऑर्डरने यायचा किंवा गणपतीला नि शिमग्याला चाकरमानी गावी आले की त्यांच्या खिशातून यायचा. गिऱ्हाईक कापड काखेत मारून उठताना उंबऱ्यावर क्षणभर थांबे आणि म्हणे, “शेट, शिमग्याच्या आत देतो.” अण्णा मान हलवत. रोजमेळात रक्कम चढे, खतावणीत त्या माणसाच्या पानावर नावे पडे, आणि समोर अण्णांच्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात वायदा: ‘शिमग्याचे आत’. ‘गणपतीचे आत’. ‘भात झोडणीचे आत’. शनिवारी शाळा सुटल्यावर मी बैठकीवर पालथी पडून ती पाने वाचायची, कारण त्या वयात जे हाती लागेल ते वाचायची सवय होती. ‘आजपासून शिमग्यापर्यंत’ असे कुणीही कधी म्हटले नाही, आणि अण्णांनी ते कधी लिहिले नाही. ‘आत’ म्हटले की आत कुठून शिरायचे हे ठरलेलेच होते. जिथे उभे आहोत तिथूनच.

मराठीत मधल्या काळासाठी शब्दांची वाण नाही. दरम्यान आहे, मध्यंतरी आहे, तोवर आहे, तूर्त आहे, सरकारी कागदातले अंतरिम आहे. पण ‘दरम्यान’ हा बाहेरून पाहणाऱ्याचा शब्द आहे. दोन्ही घटना घडून गेल्यावर किंवा निदान दोन्ही दिसत असताना, वरून पाहून म्हणायचा. वर्तमानपत्रातल्या बातमीचा शेवटचा परिच्छेद ‘दरम्यान’ने सुरू होतो, तो उगीच नव्हे. ‘मध्यंतरी’ तर मागे वळून पाहतो. ‘आत’ मात्र त्या काळात उभ्या असलेल्या माणसाचाच शब्द आहे. वायदा करणाऱ्याला एकच भिंत दिसत असते, पुढची. मूळ संस्कृत ‘अंतर्’, आणि लॅटिनमधला ‘इंटर’ हा त्याचाच भाऊबंद, म्हणजे इंग्रजीतला ‘इंटरिम’ आणि आपला ‘आत’ लांबचे नातेवाईक आहेत. तरी दोघांच्या बोलण्यात केवढा फरक. ‘इंटरिम’ ऐकले की समिती आठवते, ‘शिमग्याच्या आत’ ऐकले की उंबऱ्यावर थांबलेला माणूस.

‘बिट्विक्स’च्या पोटात तर प्रत्यक्ष ‘दोन’ आहे. मधला ‘ट्वि’ म्हणजे संस्कृतातला ‘द्वि’, आपल्या ‘दोन’च्याच घराण्यातला. शब्द स्वतःच सांगतो आहे की मला दोन बाजू लागतात, दोन असल्याशिवाय मी उभा राहू शकत नाही. आणि स्कॉट्स बोलणारी माणसे त्याला निःशंकपणे एकच बाजू देत होती. दुसऱ्या बाजूला ती स्वतः उभी होती. हे लक्षात आले तेव्हा मला माझ्या कंसाची लाज वाटली. कर्जरोख्याची तारीख खाली, साक्षीदारांच्या नावांपाशी असते, आणि ती त्या दिवसापुरती. पण वायद्याच्या ओळीतले अलीकडचे टोक कुठल्याच तारखेला बांधलेले नाही. सही झाली त्या दिवशी ते तिथे होते, आठवड्याने आठवडाभर पुढे, ऑक्टोबरच्या शेवटी मार्टिनमसच्या अगदी जवळ. कर्ज घेतलेला माणूस रोज सकाळी उठून तीच ओळ मनात म्हणत असेल, तर रोज ती ओळ तेवढीच खरी आणि रोज थोडी आखूड. मी त्या जागी ‘आज’ लिहून ते टोक खिळ्याने ठोकून टाकले होते.

मार्टिनमस म्हणजे ११ नोव्हेंबर, संत मार्टिनचा सण. स्कॉटलंडचे वर्ष चार दिवसांवर टांगलेले असायचे: २ फेब्रुवारीचा कँडलमस, १५ मेचा व्हिट्संडे, १ ऑगस्टचा लॅमस आणि ११ नोव्हेंबरचा मार्टिनमस. खंड, व्याज, पगार, घरभाडे, सारे यांच्याच भोवती फिरे, आणि त्यांतही व्हिट्संडे आणि मार्टिनमस हे दोन मोठे. व्हिट्संडे खरे तर ईस्टरबरोबर पुढेमागे सरकणारा सण, पण सरकत्या दिवसावर देणे कसे बांधणार, म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीस कायद्याने तो १५ मेला पक्का केला. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती वेगळीच. १५६० साली स्कॉटलंडने जुना रोमन कॅथलिक पंथ टाकला. नव्या चर्चला संतांचे दिवस मान्य नव्हते, नाताळही नव्हता. तो इथे सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला तो थेट १९५८ साली. देवळांतून मूर्ती गेल्या, सण गेले, मेणबत्त्या गेल्या. पण कर्जरोख्यांतून संत मार्टिन गेला नाही. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात त्याच्या नावाने प्रार्थना केली नसेल तोही पैसे त्याच्याच सणाच्या आत फेडत होता. धान्याचा खंडही ‘यूल आणि कँडलमसच्या मध्ये’ पोचवायचा असे भाडेपट्ट्यांत येते. यूल म्हणजे नाताळ. हिवाळ्यात मळणी होऊन बार्ली आणि ओटचे पीठ तयार व्हायचे, म्हणून तो काळ. तिथे दोन्ही टोके नावानिशी सांगितलेली आहेत, कारण दोन्ही पुढे होती. आज हे त्यांतले एक टोक असले की मात्र त्याचे नाव घ्यायचे कारण नव्हते.

मी राहते त्या दगडी इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहतात. वय नव्वदीच्या पुढे, मूळच्या ॲबर्डीनकडच्या, वडील शेतावर सालदार. त्यांच्या बोलण्यात अजून ‘द नू’ येतो. ‘नाउ’ म्हणजे आता, आणि त्याच्यामागे ‘द’. जणू हे ‘आता’ एखादी वस्तू आहे, खुर्चीसारखी, जिच्याकडे बोट दाखवता येते. आज म्हणजे ‘द डे’, उद्या म्हणजे ‘द मॉर्न’. एका दुपारी त्यांना मी ‘टर्म’च्या, म्हणजे या ठरलेल्या देण्याघेण्याच्या दिवसांबद्दल विचारले, तर त्या चहाचा कप खाली ठेवून बोलू लागल्या. लग्न झालेला गडी वर्षाच्या बोलीवर राही, सडा माणूस सहा महिन्यांच्या. बाजारात बोली ठरली की धनी हातावर एक नाणे ठेवी. त्याला तिथे ‘आर्ल्स’ म्हणत. मी म्हटले, आमच्याकडे त्याला इसार म्हणतात, आणि त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. वर्ष संपत आले की काही आठवडे आधी ‘बोलण्याचा काळ’ येई. धन्याला गडी पुढेही ठेवायचा असेल तर तो त्या दिवसांत विचारी, राहतोस का. नको असेल तर तो काही बोलत नसे. तेवढेच. वडील संध्याकाळी घरी आले की आई ताटाकडे बघत विचारायची, बोलला का? एका वर्षी रोज संध्याकाळी तोच प्रश्न आणि रोज तेच उत्तर, आणि मग मेच्या अखेरीस गाडीवर खाटा, पेट्या, कोंबड्यांचा खुराडा, आणि सर्वांत शेवटी आईच्या मांडीवर उभे धरलेले लोलकाचे घड्याळ. लोलक काढून वडिलांनी खिशात ठेवला होता. “सगळ्या वाटेत ते वाजलं नाही,” आजी म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

शहरात हाच काळ दारावर लिहिला जाई. १५५५च्या कायद्याप्रमाणे भाडेकरूला घर सोडायला सांगायचे तर व्हिट्संडेच्या चाळीस दिवस आधी तशी सूचना द्यावी लागे, आणि शहरांत ती देण्याची रीत म्हणजे नगराचा शिपाई येऊन दारावर खडूने खूण करी. त्या चाळीस दिवसांत घरात स्वयंपाक होत असेल, मुले आजारी पडून बरी होत असतील, पाहुणे येत असतील, आणि प्रत्येक येणाजाणारा ती खूण वाचत असेल. पैसे वेळेवर न फेडणाऱ्याचे हाल आणखी वेगळे. राजाच्या नावाने आज्ञापत्र निघे, आणि दिलेल्या मुदतीत देणे चुकते झाले नाही तर बाजारचौकातल्या क्रॉसपाशी शिंगाचे तीन फुंकार मारून त्याला बंडखोर ठरवले जाई. एडिंबरामध्ये हा क्रॉस सेंट जाइल्सच्या चर्चशेजारी आहे. आजची बांधणी एकोणिसाव्या शतकातली असली तरी मधल्या खांबात जुना दगड आहे. तिथे उन्हाळ्यात पर्यटक आईस्क्रीम खात बसतात. मीही बसले आहे. तीन फुंकारांचा आवाज त्या उतरत्या रस्त्यावर कुठवर जात असेल, याचा विचार अलीकडेच करू लागले.

आणि त्या रस्त्याच्या अगदी तळाशी, होलीरूडच्या राजवाड्याजवळ, रस्त्याच्या दगडांत पितळी ‘एस’ अक्षरे बसवलेली आहेत, ‘सँक्च्युअरी’ म्हणजे अभयस्थानाची. ती ओलांडली की देणेकऱ्याला पकडता येत नसे. पुढे मठाची हद्द, आणि मठाच्या आसऱ्याला आलेल्यावर हात टाकायचा नाही, हा नियम मठ मोडकळीला आल्यावरही शतकानुशतके चालला. पहिले चोवीस तास आपोआप अभय, त्यापुढे राहायचे तर नाव नोंदवावे लागे. आत खोल्या भाड्याने मिळत, दुकाने होती, खाणावळी होत्या, आणि या कर्जबाजारी रहिवाशांना गावात ‘ॲबीचे जमीनदार’ म्हणत. रविवारी कुणाला अटक करता येत नसे, म्हणून रविवारी ते हद्दीबाहेर पडून शहरात नातेवाइकांकडे जेवायला जात आणि मध्यरात्रीच्या आत परतत. इंग्रजी लेखक थॉमस डी क्विन्सी १८३०च्या दशकात इथे येऊन राहिला होता. १८८० साली कर्जासाठी तुरुंगात टाकणेच बहुतांशी बंद झाले, तेव्हा या हद्दीचे काम संपले. ती पितळी अक्षरे लोकांच्या पावलांनी गुळगुळीत झाली आहेत. पावसात चमकतात. गृहपाठ परत आल्यानंतरच्या रविवारी मी मुद्दाम तिथे गेले, एका अक्षरापाशी उभी राहिले, आणि मला वाटले की ‘आत’ हा शब्द इतक्या उघडपणे जमिनीवर लिहिलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. काळाची मुदत संपलेल्या माणसांनी इथे जागेची मुदत शोधली होती.

इथून दक्षिणेला लॉडर नावाचे छोटे गाव आहे. जॉन विल्सन तिथल्या शेतकरी घरातले, जन्म १८०४चा. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव आहे, ते हे. १८२९ साली ते मिशनरी म्हणून मुंबईला पोचले आणि पहिले काही महिने मराठी शिकायला गेले ते हर्णै-बाणकोटला, कारण त्यांच्या मिशनची ठाणी तिथे आधीपासून होती. त्याच मिशनचे जॉन स्टीव्हन्सन यांनी पुढे १८३३ साली मराठीचे व्याकरण छापले, आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७च्या आवृत्तीला मराठी भाषेवरचे टिपण विल्सन यांनीच जोडले. हर्णै आमच्या दापोलीपासून चार-पाच कोसांवर. लॉडरच्या शेतात व्हिट्संडे आणि मार्टिनमस यांच्यामधले वर्ष जगून आलेला तो तरुण हर्णैच्या वाळूत कुणा शास्त्रीबुवांसमोर बसला असताना एखादा कोळी किंवा कुळवाडी जवळून ‘होळीच्या आत देतो’ म्हणत गेला असेल, तर त्याला तो ‘आत’ समजावून सांगावा लागला नसेल, असे मला वाटते. ही माझी कल्पना आहे, पण मला ती प्रिय आहे.

तोपर्यंत खुद्द स्कॉटलंडात मात्र असल्या प्रयोगांना ओहोटी लागली होती. १६०३ साली राजा लंडनला गेला, १७०७ साली संसद गेली, आणि सुशिक्षित माणसाने लिहायची भाषा इंग्रजी ठरली. डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्ववेत्त्याने १७५२च्या सुमारास स्कॉट्स वळणाच्या प्रयोगांची यादी करून छापली, ती असे प्रयोग टाळता यावेत म्हणून. १७६१ साली थॉमस शेरिडन हा आयरिश माणूस एडिंबरामध्ये शुद्ध इंग्रजी बोलण्यावर व्याख्याने द्यायला आला, आणि शहरातली प्रतिष्ठित मंडळी पैसे मोजून ती ऐकायला बसली. १७८७ साली ॲबर्डीनच्या जेम्स बीटी यांनी अशा प्रयोगांची आणखी एक यादी काढली, वर्णानुक्रमे लावलेली. मी या माणसांवर रागावू शकत नाही. लंडनमध्ये तोंड उघडताच हसू होण्याची भीती काय असते, हे पुण्यात कॉलेजला गेल्यावर पहिल्या वर्षी मी अनुभवले आहे. माझ्या बोलण्यातली कोकणी वळणे मी स्वतःच एकेक करून वेचून फेकली आणि त्या वेळी मला त्याचा अभिमान वाटला. म्हणून तो चौकटी कंस मला इतका बोचला असावा. ह्यूम आणि बीटी निदान स्वतःच्या भाषेतले शब्द काढत होते. मी दुसऱ्याच्या वाक्यात भर घातली, आणि ज्या गोष्टीची भर घातली ती माझ्या घरी, अण्णांच्या खतावणीत, न लिहिता समजत होती.

अण्णांना जाऊन सहा वर्षे झाली. दुकान दादा चालवत होता, आता त्याने ते विकायचे ठरवले आहे. गेल्या रविवारी त्याचा फोन आला. पाठीमागे कपाट सरकवल्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, माळ्यावर खतावण्यांचा अख्खा ढीग आहे, लाल खारव्याच्या बांधणीतल्या सगळ्या, खालच्या चार-पाच वाळवीने खाल्ल्या, बाकी शाबूत आहेत. त्याने एक उघडली आणि कॅमेरा धरला. पान हलत होते, अर्धे अक्षर उजेडात, अर्धे त्याच्या अंगठ्याखाली. तरीही अण्णांचे उजवीकडे कललेले अक्षर मला लगेच लागले. यासाठी कुठल्या वर्गाला जावे लागले नाही. एका माणसाच्या पानावर नावे अठ्ठेचाळीस रुपये, समोर ‘शिमग्याचे आत’, आणि जमेची बाजू कोरी. पुढच्या पानावर तसेच. त्याच्याही पुढे. अण्णा दिवाळीच्या पाडव्याला नवी वही पुजायचे आणि जुनीतली अशी पाने नवीत ओढायचे, पण काही पाने ते ओढत नसत, हे मला आठवले. का ओढत नसत ते मी कधी विचारले नाही. ते देणे सोडले होते, की तो शिमगा अजून यायचा आहे असे त्यांनी धरले होते?

मी दादाला म्हटले, ते पान जरा स्थिर धर. त्याने धरले. त्याच्या बोटांवर माळ्यावरची धूळ होती.

“रद्दीवाला येणार आहे,” दादा म्हणाला. “यांचं काय करायचं? ठेवायच्या म्हटलं तर ठेवायच्या कुठे, आणि तू तरी तिकडे नेणार आहेस का? एकदा काय ते सांग.”

त्या दिवशी सकाळीच मी गृहपाठाची ती ओळ स्वच्छ उतरवून काढली होती, कंसाशिवाय. कागद अजून टेबलावर होता. बाहेर चार वाजताच अंधारून आले होते, आणि खाली आजींच्या खिडकीत दिवा लागला होता.

“पाडव्याच्या आत सांगते,” मी म्हटले.

“बरं,” दादा म्हणाला, आणि त्याने वही मिटली.